सिंहांची गुहा आणि नदीची दारे : नहूम संदेष्ट्याचे निनवेविषयीचे भाकीत

इ. स. पू. ६१२ च्या उन्हाळ्यात तैग्रिस नदीच्या पूर्वतीरावरील निनवे हे नगर बाबेल आणि मेदी यांच्या संयुक्त सैन्याने जिंकून लुटले, आणि पश्चिम आशियाला दीर्घकाळ धाकात ठेवणाऱ्या अश्शूरी साम्राज्याचा कणा मोडला. या घटनेच्या दोन अगदी वेगळ्या धाटणीच्या नोंदी आज उपलब्ध आहेत. पहिली बाबेलच्या लेखनिकांनी कीलाक्षरांत, म्हणजे ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने उमटवलेल्या पाचरीसारख्या खुणांच्या लिपीत, लिहिलेली वर्षवार बखर असून तिच्यात राजांची नावे, महिने आणि सैन्यांच्या हालचाली कोरड्या शब्दांत दिलेल्या आहेत. दुसरी नोंद म्हणजे हिब्रू बायबलातील नहूम या संदेष्ट्याचा अवघ्या ३ अध्यायांचा आणि ४७ वचनांचा काव्यग्रंथ होय. नगर कसे पडले हे बखर सांगते. त्या नगराच्या टाचेखाली पिढ्यान्‌पिढ्या दबलेल्या एका लहानशा डोंगरी राज्याने त्या पतनाचा अर्थ काय लावला, हे नहूमच्या ग्रंथातून कळते.

हा ग्रंथ समजून घेण्यापूर्वी भाकीत या शब्दाचा हिब्रू परंपरेतील अर्थ ध्यानात घ्यावा लागतो. हिब्रू भाषेत संदेष्ट्याला ‘नावी’ म्हणतात. नावी ग्रहगणित मांडत नाही की शकुन पाहत नाही. देवाने सोपवलेला निरोप राजाला आणि लोकांना सांगणे हे त्याचे काम असते, आणि त्या निरोपात भविष्यापेक्षा वर्तमानाचा न्यायनिवाडा अधिक असतो. अशा वाणीचा एक ठरीव प्रकार परराष्ट्रांविषयीचा आहे. आमोस, यशया, यिर्मया आणि यहेज्केल या चौघांच्याही ग्रंथांत दिमिष्क, मवाब, सोर, मिसर, बाबेल अशा शेजाऱ्यांविषयीच्या देववाणींची सलग प्रकरणे आढळतात. यशयाच्या ग्रंथात यांपैकी अनेक वाणींना ‘मस्सा’ असे नाव दिले आहे आणि नहूमच्या ग्रंथाचा आरंभही त्याच शब्दाने होतो. हा शब्द उचलणे या अर्थाच्या धातूपासून आलेला असल्यामुळे त्यात उंचावलेला स्वर आणि वाहावे लागणारे ओझे या दोन्ही छटा आहेत. नहूम या नावाचा संबंध मात्र सांत्वन या अर्थाच्या धातूशी आहे, आणि एका नगराच्या विनाशाची वार्ता सांगणाऱ्याचे नाव सांत्वनाचे असावे, ही गोष्ट ती वार्ता कोणासाठी होती हे पुरेसे स्पष्ट करते.

ज्या नगराविषयी ही वाणी आहे ते त्या काळातील जगातील सर्वांत भव्य नगरांपैकी एक होते. सन्हेरीब राजाने (इ. स. पू. ७०५ ते ६८१) निनवे ही राजधानी केली, तेव्हा त्याने या प्राचीन वस्तीला सुमारे १२ किलोमीटर लांबीचा तट घातला आणि जवळपास ७५० हेक्टर भूमी त्याच्या आत घेतली. नगराच्या मधून खोसर ही तैग्रिसला मिळणारी लहान नदी वाहत होती. बागा, फळझाडे आणि वाढती लोकवस्ती यांना तिचे पाणी अपुरे पडत असल्याने सन्हेरीबने डोंगरातील खिन्निस येथून कालवा काढून पाणी खोसरपर्यंत आणले, आणि वाटेत जेरवान येथे एका ओढ्यावरून तो कालवा नेण्यासाठी घडीव दगडांचा सुमारे २८० मीटर लांबीचा जलसेतू उभारला, ज्याचे अवशेष आजही दिसतात. ज्या राजवाड्याला त्याने ‘अतुल्य’ असे नाव दिले, त्याच्या भिंती शिल्पपटांनी मढवलेल्या होत्या आणि त्या शिल्पपटांचा मुख्य विषय जिंकलेली नगरे हा होता.

त्या जिंकलेल्या नगरांत यहूदा राज्यातील लाखीश हे नगर होते. यरुशलेम ही राजधानी असलेले यहूदा आणि त्याच्या उत्तरेचे इस्राएल ही दोन भावंडराज्ये अश्शूरच्या विस्ताराच्या मार्गात होती. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन ही इस्राएलची राजधानी पडली आणि सार्गोन राजाच्या लेखानुसार २७ हजारांहून अधिक लोक तेथून हलवण्यात आले. जिंकलेल्या लोकांना मुळासकट उपटून दूरच्या प्रांतांत वसवणे आणि त्यांच्या जागी परके लोक आणणे ही अश्शूरी राज्यकारभाराची ठरलेली रीत होती, कारण आपल्या भूमीपासून तुटलेला समाज बंड करू शकत नाही. पुढे इ. स. पू. ७०१ मध्ये सन्हेरीबने यहूदावर स्वारी केली, ४६ तटबंद नगरे घेतल्याचे स्वतःच्या लेखांत नोंदवले आणि हिज्कीया राजाकडून जबर खंडणी वसूल केली. यरुशलेम वाचले, पण लाखीशचा वेढा निनवेच्या राजवाड्यातील एका दालनात दगडावर कोरला गेला. तटाला भिडवलेला मातीचा उतार, कैद्यांचे देहदंड, बैलगाड्यांवर संसार लादून निघालेली बायकामुले आणि सिंहासनावर बसून लुटीची पाहणी करणारा राजा हे सर्व त्या पटांवर पाहता येते. हिज्कीयाचा मुलगा मनश्शे याचे नाव अश्शूरी लेखांत निनवेच्या बांधकामासाठी सामग्री पुरवणाऱ्या मांडलिक राजांच्या यादीत येते. तेव्हा यहूदाच्या लोकांना निनवे हे केवळ दूरचे नगर नव्हते. त्याच्या वैभवात त्यांच्या खंडणीचा आणि श्रमाचा वाटा होता.

नहूमचा काळ त्याच्याच एका उल्लेखावरून ठरवता येतो. मिसरमधील नो-आमोन, म्हणजे आमोन देवाचे थीब्ज नगर, अश्शूरच्या अशुर्बनिपाल राजाने इ. स. पू. ६६३ मध्ये लुटले, आणि नहूम त्या घटनेचा घडून गेलेली गोष्ट म्हणून उल्लेख करतो. निनवेचे पतन मात्र त्याच्या दृष्टीने अजून व्हावयाचे आहे. त्यामुळे ग्रंथाचा मूळ गाभा इ. स. पू. ६६३ ते ६१२ या अर्धशतकात रचला गेला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. थीब्जचा हा दाखला कालनिर्णयापुरता महत्त्वाचा नसून नहूमच्या विचाराचा तो पाया आहे. पाण्याने वेढलेले, कूश आणि लूबी यांसारखे बलाढ्य साथीदार असलेले नगर जर पडू शकते, तर निनवे त्याहून कोणत्या अर्थाने श्रेष्ठ आहे, असा त्याचा सवाल आहे. अजिंक्य मानलेले नगर जिंकता येते, हे अश्शूरनेच जगाला दाखवून दिले होते, आणि नहूम तोच पुरावा अश्शूरवर उलटवतो. साम्राज्याने स्वतःविषयी जे जे सांगितले ते ते घेऊन त्याच्याच विरोधात उभे करणे, हीच या संपूर्ण ग्रंथाची रीत आहे आणि त्याचे सामर्थ्यही तिच्यातच आहे.

सिंहाची प्रतिमा हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. अश्शूरी राजे आपल्या लेखांत स्वतःला सिंहाची उपमा देत, त्यांच्या राजमुद्रेवर सिंहाला भोसकणारा राजा असे, आणि अशुर्बनिपालच्या राजवाड्यातील सिंहाच्या शिकारीचे शिल्पपट तर प्राचीन कलेतील अत्यंत श्रेष्ठ कृतींत गणले जातात. नहूम या सिंहाला त्याच्या गुहेपर्यंत घेऊन जातो. छाव्यांसाठी आणि सिंहिणींसाठी भक्ष्य फाडून आणणारा, गुहा शिकारीने भरून टाकणारा सिंह तो उभा करतो आणि मग ती गुहा आता कोठे आहे असे विचारतो. खंडणी, लूट आणि बंदिवान यांनी भरलेल्या राजधानीचे याहून नेमके वर्णन करणे अवघड आहे. राजाच्या दृष्टीने जे शौर्य होते तेच शिकार झालेल्याच्या दृष्टीने काय होते, हे ही एकच प्रतिमा दाखवते.

पाण्याच्या प्रतिमेला तर प्रत्यक्ष इतिहासाचा आधार आहे. इ. स. पू. ६८९ मध्ये सन्हेरीबने बंडखोर बाबेल नगर उद्ध्वस्त केले आणि नगरातून चर खणून त्यांत पाणी सोडल्याचे अभिमानाने लिहून ठेवले. हा लेख खिन्निस येथील खडकावर, निनवेला पाणी नेणाऱ्या कालव्याच्या उगमाशी, कोरलेला आहे. निनवेच्या बागा फुलवणारे पाणी आणि बाबेलची घरे विरघळवणारे पाणी यांची कथा अशा प्रकारे एकाच शिलालेखात आली आहे. नहूमच्या दर्शनात नदीची दारे उघडतात आणि राजवाडा खचून जातो. त्याला तो शिलालेख ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु शत्रूचे नगर पाण्यात बुडवणाऱ्या सत्तेचा शेवट पाण्याने व्हावा, ही न्यायाची कल्पना त्या काळात अश्शूरच्या शत्रूंना सहज सुचणारी होती. पुढे डिओडोरस या ग्रीक ग्रंथकाराने टेसियस या आधीच्या ग्रंथकाराच्या आधारे, नदीच नगराची वैरीण झाली आणि तिच्या पुराने तटाचा मोठा भाग कोसळला, अशी कथा दिली आहे. बाबेलच्या बखरीत मात्र पुराचा उल्लेख नाही, आणि वेढ्याचे महिने सीवान ते आब, म्हणजे साधारण मे-जून ते जुलै-ऑगस्ट, असे असल्याने तैग्रिसचा वसंतातील मोठा पूर तोवर ओसरू लागलेला असणार. म्हणून नहूमचे हे वचन युद्धवृत्तान्त म्हणून न वाचता अर्थपूर्ण प्रतिमा म्हणून वाचणे अधिक सयुक्तिक ठरते.

ग्रंथाची भाषाही या आशयाला साजेशी आहे. पहिल्या अध्यायातील स्तोत्रात हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने ओळींचा आरंभ करण्याच्या काव्यबंधाच्या खुणा आहेत, परंतु तो क्रम वर्णमालेच्या मध्यावरच तुटतो. दुसऱ्या अध्यायात नगराच्या उजाडपणासाठी एकमेकांशी नाद जुळणारे तीन शब्द योजले आहेत, ज्यांत प्रत्येक पुढचा शब्द आधीच्याहून लांब होत जातो आणि रिकाम्या नगरात घुमणाऱ्या प्रतिध्वनीचा भास होतो. तिसऱ्या अध्यायात चाबूक, चाके, घोडे, रथ आणि प्रेते यांच्या तुटक उल्लेखांतून लढाई जणू कानांनी ऐकू येते. तेथेच निनवेचे किल्ले हलवताच खाणाऱ्याच्या तोंडी पडणाऱ्या पिकलेल्या अंजिरांसारखे ठरतात. वेढ्यासाठी पाणी भरून ठेवा, माती तुडवा, विटांचे साचे घ्या, अशी उपरोधिक आज्ञा येते. आणि तेथील व्यापारी, अंमलदार व लेखनिक यांना टोळांची उपमा दिली जाते, जे थंडीत कुंपणाला चिकटून बसतात आणि ऊन पडताच कोठे उडाले हे कळतही नाही. यांपैकी लेखनिक किंवा अंमलदार या अर्थाने नहूमने योजलेला हिब्रू शब्द मुळात अश्शूरी लोकांच्या अक्कादी भाषेतील आहे. करवसुलीचा हिशेब ठेवणारा माणूस मांडलिक प्रजेच्या भाषेत आपल्या परक्या पदनामासह शिरला होता, असे या एका शब्दावरून दिसते.

याच सुमारास निनवेतही भाकिते सांगितली जात होती, ही गोष्ट या ग्रंथाच्या वाचनात क्वचितच विचारात घेतली जाते. एसरहद्दोन आणि अशुर्बनिपाल या राजांना इश्तार देवीच्या नावाने मिळालेल्या वाणींचे संग्रह निनवेच्या मृत्तिकापाट्यांत सापडले आहेत. त्या सांगणाऱ्यांत अर्बेला नगरातील स्त्रियांची संख्या मोठी होती. राजाने भिऊ नये, देवी त्याच्या पाठीशी आहे, त्याचे शत्रू त्याच्या पायाशी लोळण घेतील, हा त्यांचा मुख्य आशय आहे. या वाणी राजाच्या दप्तरात जपून ठेवल्या गेल्या, नगराबरोबर मातीखाली गेल्या आणि अडीच हजार वर्षे कोणीही वाचल्या नाहीत. नहूमची वाणी मात्र ज्यांच्याकडे राजवाडे उरले नाहीत अशा लोकांनी हस्तलिखितांतून हस्तलिखितांत उतरवत जिवंत ठेवली. हिब्रू संदेष्ट्यांतही राजाला गोड बोलणारे होते आणि बायबलात त्यांचा निषेधही आहे, परंतु सत्तेला तिचा शेवट सांगणाऱ्या वाणीचे जतन करणे हे या परंपरेने आपले कर्तव्य मानले. यशयाने तर अश्शूरला देवाच्या हातातील काठी म्हटले होते, आणि त्याच वेळी, कुऱ्हाडीने आपल्याला चालवणाऱ्यापुढे बढाई मारावी काय, असा प्रश्न करून त्या काठीच्या गर्वाचाही हिशेब होणार असे बजावले होते. नहूम त्या हिशेबाची पूर्ती सांगतो.

प्रत्यक्ष पतनाची कारणे साम्राज्याच्या रचनेतच होती. अशुर्बनिपाल आणि बाबेलच्या गादीवरील त्याचा भाऊ यांच्यातील इ. स. पू. ६५२ ते ६४८ च्या युद्धाने राज्य पोखरले, आणि अशुर्बनिपालनंतर वारसांत कलह माजला. इ. स. पू. ६२६ मध्ये नबोपोलासर बाबेलच्या गादीवर बसला. इ. स. पू. ६१४ मध्ये सायाक्सारिस राजाच्या नेतृत्वाखाली मेदी सैन्याने अश्शूर हे साम्राज्याला नाव देणारे जुने धर्मनगर घेतले, त्यानंतर या दोघांनी तह केला, आणि दोन वर्षांनी तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर निनवे पडले. त्याच वेळी अश्शूरचा राजा सिन-शर-इश्कुन याचा अंत झाला. उरलेले अश्शूरी सैन्य हारान येथे काही वर्षे तग धरून होते, पण इ. स. पू. ६०९ नंतर अश्शूर हे राज्य इतिहासात दिसत नाही. या घटना नोंदवणारी बाबेलची बखर सिरिल गॅड यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हाच पतनाचे वर्ष निश्चित झाले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड स्ट्रोनाख यांच्या पथकाने नगराच्या आग्नेय बाजूचा हल्झी दरवाजा उकरला, तेव्हा तो घाईने अरुंद केलेला आढळला, आणि त्याच्या वाटेत बाणांच्या अग्रांसह पुरुषांचे आणि लहान मुलांचे सांगाडे पडलेले होते. प्रेतांना अडखळत चालण्याचे नहूमचे वर्णन वाचणाऱ्याला येथे थांबावे लागते, कारण ती मुले कोणत्याही साम्राज्याच्या पापांची धनी नव्हती.

भाकीत खरे ठरले काय, या प्रश्नाचे उत्तर या सर्वांतून काळजीपूर्वक द्यावे लागते. निनवेची सत्ता खरोखरच पुन्हा उभी राहिली नाही, तरी त्या टेकाडांवर ग्रीक आणि पार्थियन काळात वस्ती होती, आणि पाडाव करणाऱ्या बाबेलचे किंवा मेदींचे नावही नहूम कोठे घेत नाही. सोर या समुद्री नगराचा नाश बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर करील असे यहेज्केलने सांगितले होते. त्या राजाला एवढ्या श्रमाचे वेतन सोरकडून मिळाले नाही, ही कबुली त्याच ग्रंथात पुढे येते आणि ती कोणी पुसून टाकली नाही. तंतोतंत तपशील जुळवणे हा या लेखनाचा हेतू असता, तर असे घडले नसते. भयाच्या बळावर चाललेली सत्ता टिकत नाही आणि तिने दिलेल्या यातनांची नोंद कोठेतरी होत असते, हा विश्वास या भाकितांच्या मुळाशी आहे. मात्र यहूदाला मिळालेला दिलासा फार काळ टिकला नाही. ज्या बाबेलने निनवे पाडले, त्याच बाबेलने इ. स. पू. ५८६ मध्ये यरुशलेम जाळले, आणि नहूमच्या पाठोपाठ येणाऱ्या हबक्कूकच्या ग्रंथात या नव्या जुलमाविषयीची तक्रार थेट देवाकडेच नेली गेली.

निनवे लवकरच विस्मृतीत गेले. इ. स. पू. ४०१ मध्ये झेनोफन हा ग्रीक सेनानी त्या अजस्र ओस तटांजवळून गेला, तेव्हा ते मेदींचे जुने नगर आहे असेच त्याला सांगण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्टिन हेन्री लेयर्ड आणि निनवेलगतच्या मोसुल शहराचेच रहिवासी असलेले होर्मुझ्द रस्साम यांनी निनवेचे कुयुंजिक टेकाड उकरून सन्हेरीबचा आणि अशुर्बनिपालचा राजवाडा, तसेच हजारो मृत्तिकापाट्यांचे ग्रंथालय उजेडात आणले. लेयर्डने खणून काढलेल्या अश्शूरी शिल्पांपैकी काही पेट्या बसऱ्याहून मुंबई बंदरामार्गे लंडनला गेल्या, आणि निनवेच्या दक्षिणेकडील निम्रूद येथील राजवाड्याचे काही शिल्पपट आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतात. दरम्यान मोसुलच्या उत्तरेकडील अल्कोश गावी नहूमची मानली जाणारी कबर इराकमधील ज्यू समाजाने शतकानुशतके यात्रास्थान म्हणून जपली होती.

या ग्रंथाचे पुढचे वाचनही बोधप्रद आहे. मृत समुद्राजवळील कुमरान येथील गुहांत सापडलेल्या हस्तलिखितांत नहूमवरील एक भाष्य असून त्यात ग्रीकांचा राजा देमेत्रियस याचे नाव येते, आणि माणसांना जिवंत टांगणाऱ्या ‘क्रोधाच्या सिंहा’चा उल्लेख आहे. हा सिंह म्हणजे यरुशलेमचा स्वतःचाच ज्यू राजा अलेक्झांडर यन्नाय होय, असे अभ्यासक मानतात. निनवेचा सिंह असा आपल्याच घरात ओळखला गेला. त्याचबरोबर नहूमच्या काव्यातील काही भाग अस्वस्थ करणारा आहे हेही नोंदवले पाहिजे. नगराला वेश्येचे रूप देऊन तिच्या विटंबनेचे जे वर्णन तो करतो, त्यात युद्धात स्त्रियांवर होणारा अत्याचार शिक्षेचे रूपक बनतो, आणि सूडाचा आनंद न्यायाच्या भाषेत बोलू लागतो.

हिब्रू परंपरेने हा आवाज दडपला नाही, पण तो एकटाही ठेवला नाही. बारा लघु संदेष्ट्यांच्या त्याच संग्रहात योनाचा ग्रंथ आहे, ज्यात हेच निनवे पश्चात्ताप करते आणि देव त्याला वाचवतो. प्रायश्चित्ताच्या योम किप्पूर या उपवासाच्या दिवशी, ज्याला कोकणातील मराठी भाषक बेने इस्राएल ‘दारफाळणीचा सण’ म्हणत आले, दुपारच्या प्रार्थनेत सिनेगॉगमध्ये वाचला जातो तो योनाचा ग्रंथ. या संग्रहातील बारा ग्रंथांपैकी प्रश्नाने संपणारे ग्रंथ दोनच असून ते दोन्ही निनवेविषयीचे आहेत. तुझ्या दुष्टपणाचा जाच झाला नाही असा कोणी उरला आहे काय, असे नहूम त्या नगराला विचारून थांबतो. उजवा-डावा हात न ओळखणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि कितीतरी गुरेढोरे ज्यात आहेत त्या नगराचा कळवळा मला येऊ नये काय, असे योनाच्या ग्रंथात देव आपल्या संदेष्ट्याला विचारतो. लाखीशच्या शिल्पपटातील गाडीवर बसलेल्या मुलांसाठी पहिला प्रश्न आवश्यक आहे, हल्झी दरवाजात पडलेल्या मुलांसाठी दुसरा. आणि या दोन्ही प्रश्नांना एकाच ग्रंथसंग्रहात जागा देणाऱ्या परंपरेने त्यांपैकी एकाचेही उत्तर लिहून ठेवलेले नाही.